पाचशे माणसांचं विमान कोणासाठी?

काष्टीच्या माणसाला परदेशी जायचं असेल तर त्याचा प्रवास विमानतळाच्या कितीतरी आधी सुरू होतो. गाडी ठरवायची, दौंड-पाटस करत सोलापूर रस्त्याला लागायचं, हडपसरच्या गर्दीत अडकायचं, मग द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट, पनवेल आणि शेवटी अंधेरीजवळचा मुंबईचा विमानतळ, सहार. विमान पहाटेचं असेल तर आदल्या दुपारीच घर सोडावं लागतं. विमानतळ आमच्या जिल्ह्यातही आहे. शिर्डीजवळ काकडीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं. पण नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. शिर्डी त्याच्या उत्तर अंगाला आणि श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं काष्टी पार दक्षिणेला. आम्हाला त्यापेक्षा पुण्याचं लोहगाव जवळ. तिथून दुबई, बँकॉक अशी मोजकी ठिकाणं मिळतात. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो म्हटलं की मुंबई नाहीतर दिल्ली.

म्हणून विमान केवढं असावं हा प्रश्न मला विमानवेड्या मंडळींपुरता वाटत नाही. विमानाच्या आकारावर धावपट्टी ठरते, धावपट्टीवर विमानतळाची जागा ठरते आणि त्या जागेवर कोणाची शेती राहणार, कोणाची जाणार हे ठरतं. यावर आमच्या शेजारी झालेलं एक बोलणं इथे मांडतो. बोलणारे मुख्यतः दोघे, अधूनमधून मी. एक, एसटीच्या श्रीगोंदा आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले मामा. दुसरी त्यांची भाची, मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये काम करते. सुट्टीला आली होती. शनिवार होता. बाजाराला आलेल्या जनावरांचे टेम्पो रस्त्याने सारखे जात होते, त्यामुळे दोघांनाही आवाज चढवून बोलावं लागत होतं. मामा-मामी लेकीकडे टोरांटोला निघालेत, दुबईमार्गे. तिकिटावर विमानाच्या रकान्यात नुसते तीन आकडे होते : ३८८. विषय तिथून निघाला.

भाची : मामा, नशीब काढलंत! हे ए-३८० आहे. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, नाकापासून शेपटीपर्यंत दोन मजली. दुबईच्या या एमिरेट्स कंपनीच्या काही विमानांत ६१५ सीटा आहेत. परवानगी तर ८५३ प्रवाशांची आहे. २००६ साली हॅम्बुर्गला चाचणी घेतली होती. अंधार केला, निम्मे दरवाजे बंद ठेवले आणि कर्मचारी धरून ८७३ माणसं ७८ सेकंदांत खाली उतरवली.

मामा : अन् त्यांच्या बॅगा?

भाची : ती जीव वाचवायची चाचणी होती, मामा. बॅगा कशा असतील?

मामा : तुझं खरं. पण रोजच्या प्रवाशाचा खोळंबा बॅगांपाशी होतो. पाचशे माणसं एकदम उतरली, तर पाचशेवा माणूस पासपोर्टच्या रांगेतून कधी सुटतो, त्याची बॅग पट्ट्यावर कधी येते, हे मोजायला पाहिजे. आमच्याकडे आषाढीला जादा गाड्या सुटायच्या. पंधरा-वीस गाड्या एका दमात स्टँडात शिरल्या की फलाट, पाणी, मुतारी सगळं कमी पडायचं. त्याच गाड्या सुट्या सुट्या आल्या की काही वाटायचं नाही. माणसं तेवढीच असायची.

भाची : हे मान्य. दोन-तीन मोठी विमानं पाठोपाठ उतरली की इमिग्रेशनची रांग जिन्यापर्यंत येते, ते मी रोज बघते.

मामा : मग मोठं विमान कशाला? सर, तुम्ही सांगा, प्रवाशाला मोठी गाडी कधी हवी असते का? त्याला लवकर सुटणारी गाडी हवी असते. दर अर्ध्या तासाला गाडी लागत असेल तर माणूस वेळापत्रकसुद्धा विचारत नाही. दिवसातून एकच गाडी, पण फार मोठी, असं केलंत तर तो वडापच्या जीपमध्ये बसून निघून जातो. अन् मोठी गाडी भरली नाही तर भारमान पडतं, मग फेरीच बंद होते. अशा फेऱ्या मी या हातांनी बंद केल्यात.

भारमान हा एसटीतला शब्द. गाडीतल्या आसनांपैकी किती भरली त्याचा टक्का. मामांनी नोकरीभर तोच आकडा पाहिला. विमान कंपन्याही याच आकड्यावर जगतात आणि ए-३८० ची सगळी कहाणी त्यात आली आहे. एअरबसने हे विमान आखलं तेव्हा जगाला अशी हजाराहून जास्त विमानं लागतील असा तिचा हिशेब होता. २००७ च्या ऑक्टोबरात सिंगापूर ते सिडनी पहिलं प्रवासी उड्डाण झालं. २०१९ च्या फेब्रुवारीत उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर झालं आणि २०२१ च्या डिसेंबरात शेवटचं विमान ग्राहकाच्या हाती गेलं. एकूण २५१. त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. आपल्याकडे किंगफिशरने २००५ मध्ये पाच मागवली होती, त्यातलं एकही आलं नाही. भारताच्या एकाही कंपनीकडे हे विमान कधी नव्हतं. परदेशी कंपन्यांना ते इथे आणायची परवानगी २०१४ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी ते मुंबईत उतरू लागलं.

हे मी सांगितलं तेव्हा मामांनी भाचीकडे असं पाहिलं की जणू निकाल लागला. पण ती मागे हटली नाही.

भाची : कंपनीला परवडलं नाही म्हणजे विमानतळाला गरज नव्हती असं होत नाही. मामा, तुमच्या स्टँडला गाडी लावायला जागा नसली तर तुम्ही ती रस्त्याकडेला उभी करायचा. विमान हवेत उभं राहत नाही. मुंबईला दोन रनवे आहेत, पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालतो. त्याच्यावर तासाला उतरणारी आणि उडणारी मिळून पंचेचाळीसच्या आसपास विमानं. बस्स! त्याच्यापुढे एक जास्त घेता येत नाही. आता त्या एका स्लॉटमध्ये ७८ माणसांचं एटीआर उतरवायचं, १८० चं एअरबस की ५०० चं? रनवेसाठी तिन्ही एकेकच.

मामा : म्हणजे अडचण रस्त्याची आहे, गाडीची नाही.

भाची : हो, पण रस्ता वाढवता येत नाही. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला टेकडी, मिठी नदी रनवेच्या खालून गेलीय. अजून कुठे वाढवणार?

इथे मी एक शंका काढली. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात आणि मागून येणारं हलकं विमान त्यात सापडलं तर उलटूही शकतं, असं वाचलं होतं. मग मोठ्याच्या मागे जागा सोडावी लागत असेल, तर स्लॉट एकच कसा?

भाची : बरोबर आहे, सर. दोन मध्यम विमानांत साधारण तीन नॉटिकल मैल पुरतात. ए-३८० च्या मागे मध्यम विमान असेल तर सात, म्हणजे तेरा किलोमीटर सोडायचे. त्या फटीत एक विमान सहज बसलं असतं. म्हणजे हे पाचशेचं विमान एक नाही, दोन जागा खातं. तरीसुद्धा दोन जागांत पाचशे. १८० ची दोन आणली तर ३६०. फायदा उरतोच.

मामा : उरतो, पण तू आधी सांगितलास तेवढा नाही.

भाची : तेवढा नाही. खरा फायदा तीनशे-साडेतीनशेच्या विमानाचा आहे. मागे थोडीच जागा सोडायची आणि माणसं दुप्पट.

बोलण्याची दिशा इथून बदलली असं मला वाटतं. तोवर लहान की मोठं एवढंच चाललं होतं. आता मधला एक आकार समोर आला. तो आपल्या देशाला नवा नाही. एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘एम्परर अशोक’ नावाचं बोइंग ७४७, १९७१ च्या एप्रिलात मुंबईत आलं. त्याचं कौतुक अजून पुष्कळांच्या आठवणीत आहे. पण त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, इंडियन एअरलाइन्सने एअरबस ए-३०० हे रुंद विमान देशातल्या देशात मुंबई-दिल्लीसारख्या मार्गांवर आणलं, ते फारसं कोणाला आठवत नाही. अडीचशेहून जास्त माणसं एका खेपेत, तीही मोजकेच लोक विमानाने जायचे त्या काळात. आज त्याच मार्गावर प्रवाशांची रीघ लागलेली असते आणि बहुतेक विमानं १८० ते २३० आसनांची असतात. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्यात ४०० अरुंद, म्हणजे याच आकाराची. इंडिगोने त्याच वर्षी ५०० मागवली, सगळी अरुंद. कंपन्यांचा कल मामांच्या बाजूने आहे. एकाच जातीची विमानं ठेवली की वैमानिक, सुटे भाग, दुरुस्ती सगळं एकसारखं राहतं. विमान उतरल्यावर पाऊणेक तासात परत उडतं. कंपनीचा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्या हिशेबात मुंबईच्या धावपट्टीची टंचाई धरलेली नसते. ती भोगतात जळगाव, नांदेड, सोलापूर. राज्यातल्या लहान गावांच्या विमानांना मुंबईत सोयीची वेळ मिळता मिळत नाही, कारण बहुतेक वेळा मोठ्या शहरांच्या फेऱ्यांनी आधीच धरलेल्या असतात.

भाचीने इथे जपानचा दाखला दिला. तोक्योच्या हानेदा विमानतळावर जागेची अशीच ओढाताण होती, म्हणून जपानी कंपन्या देशांतर्गत तासा-दीड तासाच्या प्रवासालाही जंबो वापरत. खास त्यासाठी बनवून घेतलेल्या जंबोंमध्ये साडेपाचशेहून जास्त आसनं असायची.

भाची : विचार करा, मामा. पुणे-नागपूरएवढ्या अंतराला जंबो! लोकांना मोठ्या विमानाची हौस होती म्हणून नाही, रनवे नव्हता म्हणून.

मामा : अन् आता?

भाची : आता नाहीत. २०१० मध्ये हानेदाला चौथा रनवे झाला. पुढच्या तीन-चार वर्षांत दोन्ही कंपन्यांनी जंबो काढून टाकले.

मामा : बघा सर, तिनेच सांगितलं. रस्ता मिळाला तशी मोठी गाडी गेली. म्हणजे मोठी गाडी अडचणीपायी होती. प्रवाशाने ती कधी मागितलीच नव्हती.

भाची : पण मामा, तो चौथा रनवे त्यांनी समुद्रात बांधला. भर टाकून, खांब रोवून. आपण कोणाच्या शेतात बांधणार?

मामा गप्प झाले. त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी मुलगी पुरंदर तालुक्यात दिली आहे. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांच्या शिवारात पुण्याचा नवा विमानतळ आखला आहे. पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ याच भागातलं. दुष्काळी माळावर टँकरने पाणी घालून लोकांनी बागा उभ्या केल्या आहेत. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोनने मोजणी करायला माणसं आली तेव्हा कुंभारवळणला पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले. आधी सात हजार एकरांची भाषा होती, नंतर ती तीन हजार एकरांच्या आसपास आली. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात वाहतुकीला खुला झाला, पण त्याआधी तिथली दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं. आता गाडी थेट विमानतळावर जाईल आणि आमचा एक तास वाचेल हे मला हवं आहे. पण त्या तासाची किंमत कोणी दिली हे विसरून त्याचा हिशेब मला करता येत नाही.

मामा : मोठी विमानं यायची म्हणूनच तर एवढी जमीन घेतायत ना? लोहगावला उतरणारी विमानं येणार असती तर लोहगावच पुरलं असतं.

भाची : नाही, तसं नाही. लोहगावचा रनवे अडीच किलोमीटरच्या थोडा वर आहे, हवाई दलाचा आहे, आणि पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. उन्हाळ्यात हवा पातळ होते, विमानाला उचल कमी मिळते. तीनशे माणसांचं विमान तिथून पूर्ण इंधन आणि माल घेऊन युरोपला नीट उडत नाही. लांब पल्ल्याला तीन-साडेतीन किलोमीटर लागणारच. आणि ए-३८० ला त्याहून जास्त लागतो अशी समजूत असेल तर ती काढून टाका. ते ५७५ टनांचं धूड आहे, पण त्याचे पंख इतके मोठे आहेत की ते ७७७ एवढ्याच लांबीत उडतं, कधी कमीतही. त्याला लांबी नाही, रुंदी लागते. पंख जवळजवळ ८० मीटर. टॅक्सीवे, बे, एरोब्रिज सगळं त्या मापाने करावं लागतं.

हा ८० मीटरचा आकडा महत्त्वाचा आहे. जगातले विमानतळ पंखांच्या मापाप्रमाणे वर्गांत विभागलेले असतात. ६५ मीटरपर्यंतचा एक वर्ग, ६५ ते ८० चा त्याच्या वरचा. बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए-३५० ही तीनशेच्या आगेमागे माणसं नेणारी सगळी विमानं पहिल्यात बसतात. दुसरा वर्ग मुख्यतः ए-३८० आणि जंबोचा शेवटचा प्रकार यांच्यासाठी. बोइंगच्या नव्या ७७७-एक्सचे पंख हवेत जवळजवळ ७२ मीटर असतात, आणि उतरल्यावर त्यांची टोकं घडी होऊन वर उभी राहतात, म्हणजे विमान ६५ मीटरच्या जागेत मावतं. एवढा खटाटोप कशासाठी? विमानतळांनी आणखी रुंद व्हायला नकार दिला, म्हणून. मला हे पंखांचं मिटणं फार बोलकं वाटतं. विमान बांधणाऱ्यांनीच मान्य केलं आहे की जमीन विमानाप्रमाणे वाढणार नाही, विमानाने जमिनीप्रमाणे मिटलं पाहिजे.

चार इंजिनांची विमानं मागे पडायला आणखी एक कारण झालं. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला कोणत्याही क्षणी तासाभरात पोहोचता येईल असा विमानतळ जवळ ठेवूनच उडावं लागे, त्यामुळे महासागर ओलांडणं जंबोकडे आपोआप आलं. १९८५ पासून ही मर्यादा दोन तासांची झाली, मग तीन, मग त्याहून जास्त. इंजिनं भरवशाची झाली तशी दोन इंजिनांची विमानं कुठूनही कुठेही जाऊ लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात ए-३२१ जातीच्या एका अरुंद विमानाने माद्रिदहून बोस्टनला प्रवासी नेले. जंबोचं शेवटचं विमान बोइंगने २०२३ च्या जानेवारीत दिलं, तेही मालवाहू.

मामा : मग आमच्यासाठी असं का नाही? पुण्याहून थेट लहान विमान, शंभर-दोनशे माणसांचं?

मी : झालं होतं, मामा. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं. बोइंग ७३७ च्या अंगाचं विमान, आत मोजकीच आसनं. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत येणारे-जाणारे साहेब बसायचे.

मामा : आमच्या कामाचं नव्हतं मग.

भाची : आणि तुमच्या मालाच्याही कामाचं नव्हतं. हे कोणीच बोलत नाही. मामा, प्रवासी विमानाच्या पोटातून माल जातो. भेंडी, मिरची, आंबा, फुलं दुबईला, लंडनला जातात ती बरीचशी प्रवाशांच्या पायाखाली. १८० च्या विमानाच्या पोटात वाकूनच शिरायचं, पेट्या हाताने रचायच्या, आणि बॅगा चढल्यावर जागा उरते किती? ७७७ च्या पोटात अख्खे पॅलेट सरकवतात. माल भरणाऱ्याला एका नजरेत फरक कळतो.

मामा : अन् माझ्या दोन मजली विमानात?

भाची थोडी थांबली. मग म्हणाली :

त्यात कमी. माणसं दोन मजल्यांची आणि पोट एकच. बॅगांनीच भरत येतं. मालवाले त्याच्यावर खूश नसतात. माल न्यायचा तर ७७७ बरं.

श्रीगोंद्याचं लिंबू मुंबई-दिल्लीच्या बाजारात नाव राखून आहे. आमच्या भागातून कांदा, द्राक्ष, डाळिंब बाहेर जातं, त्यातला मोठा हिस्सा समुद्रमार्गे. पण जे नाशवंत आहे आणि एका रात्रीत पोहोचलं तरच भाव मिळतो, ते आज ट्रकने घाट उतरून सहारला जातं. इथल्या शेतकऱ्याला पुण्याच्या विमानतळाचा उपयोग व्हायचा असेल तर तो विमानाच्या पोटातून होणार आहे, खिडक्यांमधून नाही. विमानतळाच्या चर्चेत प्रवाशांच्या कोटींचे आकडे सगळे सांगतात. टनांचे फार थोडे.

दुबईबाबतही मामांच्या मनात एक प्रश्न होता. तिकडे एवढी गर्दी असते, तर पाचशेची विमानं लावली की जागा वाढून तिकिटं स्वस्त होत असतील? तसं होत नाही. भारत आणि दुबई यांच्यातला करार फेऱ्यांचा नसून आसनांचा आहे. एका बाजूच्या कंपन्यांनी आठवड्याला सुमारे पासष्ट हजार आसनं विकायची, त्यापुढे नाही. ती दोनशेच्या विमानांतून न्या किंवा सहाशेच्या. मोठं विमान आलं म्हणून एकही जागा वाढत नाही. फक्त मुंबईच्या धावपट्टीवरच्या वेळा वाचतात. त्या वाचलेल्या वेळा पुन्हा दिल्ली-बंगळुरूच्या १८० च्या विमानांना गेल्या तर महाराष्ट्राच्या लहान गावांना त्यातून काय मिळालं?

माझं मत यातून असं झालं आहे. पाचशे-सहाशे माणसांचं विमान प्रवाशाला लागत नाही आणि आपल्या विमानतळांनाही लागत नाही. ज्यांना सगळं जग एकाच गावातून फिरवायचं आहे त्या दुबईसारख्या शहराला ते लागलं, आणि जिथे धावपट्ट्या संपल्या आहेत त्या लंडनच्या हीथ्रोला त्याचा उपयोग झाला. पण मामांचा ‘लहान गाडी, जास्त फेऱ्या’ हा नियमही धावपट्टीवर जसाच्या तसा चालत नाही, कारण प्रत्येक जास्त फेरी शेवटी जास्त जमीन मागते. मुंबई-दिल्ली, मुंबई-बंगळुरू, मुंबई-दुबई या मार्गांवर तीनशेच्या आसपासची विमानं यावीत, म्हणजे मुंबईत जागा सुटेल आणि ती नांदेड-जळगावला द्यावी. आणि पुण्याला नवा विमानतळ करायचाच असेल तर तो ६५ मीटरच्या मापाने, एका लांब धावपट्टीचा करावा.

एकाच धावपट्टीचा, असं मी म्हटल्यावर भाची उसळली.

भाची : सर, आज एवढ्या मोठ्या शहराचा नवीन विमानतळ सहसा कोणी एका रनवेचा आखत नाही.

मी : मुंबईने २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात एका वेळी एक धावपट्टी वापरून साडेपाच कोटी प्रवासी नेले. लंडनचं गॅटविक एकाच धावपट्टीवर साडेचार कोटींच्या वर गेलं होतं. पुण्याची वर्षाची वाहतूक कोटीभराची आहे. पाचपट वाढली तरी एक धावपट्टी पुरते, विमानं तीनशेची असतील तर त्याहूनही जास्त.

भाची : आणि ती दुरुस्तीला निघाली तर? २०२१ च्या ऑक्टोबरात लोहगाव चौदा दिवस पूर्ण बंद ठेवलं होतं, आठवतं? एकही विमान नाही. मुंबई एका रनवेवर चालते ती दुसरा हाताशी आहे म्हणून. एक बंद असला की दुसऱ्यावर काम भागतं. तुम्ही म्हणता तसा विमानतळ एका खड्ड्याने बंद पडेल.

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. मामांकडे होतं.

मामा : मग दुसऱ्याची जागा नकाशात धरून ठेवा. पण ताब्यात घेऊ नका. ज्याची बाग आहे तो बाग करील. प्रवासी चार कोटी झाले की त्या दिवसाच्या भावाने पैसे द्या अन् घ्या.

भाची : चार कोटी व्हायच्या आत तिथे प्लॉटिंग होईल, मामा. विमानतळाच्या भिंतीला लागून कोण सीताफळ लावत बसेल? हिंजवडीला काय झालं, वाघोलीला काय झालं, बघितलंत ना? मग घेताना जमीनही जाईल आणि वर उभ्या राहिलेल्या इमारतींचे पैसेही सरकारच देईल.

मामा : बिगरशेती करायची परवानगीच द्यायची नाही.

भाची : म्हणजे त्या शेतकऱ्याने वीस वर्षं ना विकायचं, ना बांधायचं? शेजारच्याला आज मोबदला मिळाला आणि याने नुसती वाट बघायची?

मामा : वाट बघायचे पैसे द्या. दरसाल, एकराला. रस्त्याकडेला टॉवर उभा करायला जागा घेतात तेव्हा भाडं देतात की नाही?

भाची म्हणाली की असं कुठल्या विमानतळाने केल्याचं तिने ऐकलेलं नाही. मामा म्हणाले, ऐकलेलं नसलं तर पुरंदरवाल्यांनी पहिल्यांदा मागावं. धाकट्या जावयाला आज रात्रीच फोन करतो. मग त्यांनी तिकिटाचा कागद पुन्हा पुढे ओढला आणि भाचीला विचारलं, त्या दोन मजली विमानात मामीला व्हीलचेअर लागली तर खालच्या मजल्यावरची, दाराजवळची सीट आतापासून मागता येते का?

भाची म्हणाली, येते. आणि तिथल्या तिथे मोबाइल काढून ती सीट धरायला बसली.